एकोणीस पंखे

सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी चार नंबरचा संगणक बंद पडला. तीन मिनिटांनी नऊ नंबरचा. बुधवार, ७ जानेवारी २००४. मालवणजवळच्या कट्टा गावापासून दोन किलोमीटर आत असलेल्या त्या हायस्कूलच्या संगणक कक्षात विनीता मालंडकर त्या दिवशी पहिल्यांदाच सकाळी हजर होती. तक्रार आल्यापासूनच्या तीन खेपांना ती दुपारच्या एसटीने आली होती, आणि तिन्ही वेळा बाराच्या बारा संगणक व्यवस्थित चालू होते.

"तुका भितत ते," शिपाई गणपत दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला. "तू इलंस काय सरळ होतत. सकाळी मास्तरांका दाद देणत नाय."

"आज मी हंयच आसंय. तरी बंद पडले मां?"

"मगे माजा ऐक. राखणदार देवाक नारळ दी. जागो तेचो. तेच्या जाग्यात येवडी नवी वस्तू आणलास, तेका कोणी इचारल्यान?"

"हेडसरांका सांग."

गणपतने मागे वळून व्हरांडा पाहिला. "सरांनी सोमवारीच दिल्यानी," तो आवाज खाली आणून म्हणाला. "कोणाक सांगा नको म्हणाले."

विनीता सत्तावीस वर्षांची होती. घर मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर, वडील नानांची होडी, आई आनंदी बाजारात मासे विकायची. कुडाळला सहा महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स तिने केला तेव्हा वर्गात बावीस जण होते. बाई ती एकटी. दोन वर्षं ती घराच्या पडवीत टेबल टाकून संगणक दुरुस्त करत होती. शाळेचे संगणक मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने पाठवलेले, एका कचेरीत वापरून झालेले. ते उघडून, पुसून, जोडून सुरू करण्याचं काम ऑगस्टमध्ये तिला मिळालं, आणि एवढं मोठं काम तिला आजवर दुसरं मिळालं नव्हतं. डिसेंबरपासून ते सकाळी बंद पडू लागले. शनिवारी शाळा समितीची सभा होती. संगणक कक्ष विनीताकडे ठेवायचा की कुडाळच्या कंपनीला द्यायचा, एवढा एकच विषय. आणि कट्ट्याच्या बाजारात सकाळी जे कळतं ते दुपारच्या एसटीने मालवणात पोचतं.

तीन खेपांत तिने सगळं करून पाहिलं होतं. व्होल्टेज मोजलं. खाऱ्या हवेने काळवंडलेले रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने घासून उजळ केले. एका संगणकाचा पॉवर सप्लाय बदलला. चौथ्या खेपेच्या आदल्या दिवशी तिने कामाच्या वहीत एक ओळ लिहिली: बिघाड सकाळचा आहे, मी दुपारी शोधते आहे. म्हणून सहाची पहिली गाडी.

दोन नंबरचा संगणक अजून कोणी सुरू केला नव्हता. तिने आधी त्याचं झाकण काढलं, मग बटण दाबलं. दिवा लागला, एक शिट्टी वाजली, डिस्क फिरू लागली. मागच्या बाजूचा पॉवर सप्लायचा पंखा वारा फेकू लागला. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटावं असंच होतं. आत प्रोसेसरवरचा छोटा पंखा मात्र एकदा थरथरला आणि उभा राहिला.

प्रोसेसर म्हणजे संगणकातला सगळा हिशेब करणारा चौकोनी तुकडा. चालताना तो तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवलेला असतो आणि त्या ठोकळ्यावर पंखा. विनीताने ठोकळ्याला बोट लावून धरलं. पहिल्या मिनिटाला कोमट. तिसऱ्याला बोट ठेववेना. चौथ्याला पडदा काळा झाला.

तिने वायर काढली, पंखा सोडवला आणि त्याच्या मधोमध चिकटवलेली गोल चिठ्ठी नखाने उचकटली. खाली आसाभोवती पांढरं काहीतरी मेणासारखं बसलं होतं. चिमटीत घेऊन चोळलं तर पाच आकडे मोजायच्या आत वितळलं. तिने बोटं नाकाशी नेली. मग गणपतपुढे धरली.

"खोबरेल," गणपत म्हणाला. "ह्या हंय खंयसून इला?"

ऑक्टोबरमध्ये या पंख्यांना आवाज येऊ लागला, म्हणून ते सोडवून तिने घरी पडवीत आणले होते. पंख्याला शिलाई मशीनचं तेल घालायचं, हे कुडाळच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवलेलं होतं. तिच्याकडची बाटली संपली होती. नाना शेजारीच जाळं विणत बसले होते. ते म्हणाले, "दोन थेंब खोबरेल घाल. होडयेची कप्पी आमी कशान फिरवली जन्मभर?" तिने एका पंख्यात घालून पाहिलं. आवाज गेला. मग बाराही पंख्यांत घातलं, आणि त्यानंतर जिथे जिथे पंखा कुरकुरला तिथे तिथे. दांडीवर समुद्राच्या उबेत बाटलीतलं तेल क्वचितच गोठतं. कट्ट्याच्या मागे डोंगर आहेत आणि पौषात सकाळचा गारवा दहापर्यंत तिथून हलत नाही. संगणक चार वेळा सुरू होऊन चार वेळा बंद पडला, की त्याच्याच उष्णतेने तेल सुटायचं. दुपारी काही शोधायला शिल्लकच राहत नसे.

तिने गणपतला कट्ट्याच्या बाजारातल्या शिंप्याकडे मशीनच्या तेलासाठी पाठवलं. तो सायकलवरून परत येईतो तिने बाराही पंखे काढून ओळीने मांडले होते आणि रॉकेलच्या बोळ्याने एकेक आस पुसत होती.

"कोणी घातल्यान ता खोबरेल?" गणपतने विचारलं.

"मी."

गणपत तिच्यासमोर बाकावर बसला. "तर मगे गप ऱ्हव. पंखे फिराक लागतले, काम झाला. सरांनी इचारला तर व्होल्टेज म्हणान सांग. व्होल्टेज काय सभेत येवन साक्ष देणा नाय."

"सात नंबर सुरू होणा नाय, गणपतकाका."

"कित्याक?"

"जळलो. पोरांनी बंद पडलो काय चालू केल्यानी, बंद पडलो काय चालू केल्यानी. महिनोभर."

"जुनोच होतो मां तो?"

"जुनो होतो, पण चलत होतो."

साडेदहाला मुख्याध्यापक सावंत सर आले तेव्हा अकरा संगणक चालू होते. सरांनी खोलीभर फेरी मारली. ते निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते.

"व्होल्टेज होतं ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर. पंख्यांत मी खोबरेल तेल घातलं होतं. ते सकाळी गोठतं. पंखा फिरत नाही, प्रोसेसर तापतो आणि संगणक बंद पडतो. सात नंबरचा प्रोसेसर त्यात गेला."

सरांनी चष्मा काढला. "खोबरेल. म्हणजे केसांना लावतात ते?"

"तेच."

"हे तुम्हाला वर्गात शिकवलं होतं?"

"वर्गात मशीनचं तेल सांगितलं होतं. ही माझी चूक आहे."

"शनिवारी मला हे समितीपुढे ठेवावं लागेल. कुडाळवाल्यांना आयतंच मिळेल."

"मी लिहूनच देते, सर. आणि सात नंबरला उद्या प्रोसेसर घालून देते."

तिने एक पानभर लिहिलं. कोणत्या तारखेला काय घातलं, कोणता संगणक किती वेळा बंद पडला, आज काय केलं. खाली सही केली. सरांनी कागद वाचला, घडी घातली, परत उघडून वाचला.

"आणि ते... नारळाचं," ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "त्याचा यात काही उल्लेख—"

"कसला नारळ, सर?"

"काही नाही," सर म्हणाले आणि कागद घेऊन गेले.

दुपारी घरी आल्याबरोबर तिने पडवीतला स्वतःचा संगणक उघडला. याच्यावरच ती शिकली होती. लोकांचे भाग आधी याला लावून तपासायचे, ही तिच्या कामाची रीत होती. प्रोसेसर शाळेच्या संगणकांसारखाच होता. खटका उचलून तिने तो काढला, त्याचे बारीक पाय वाकणार नाहीत असा फोममध्ये रोवला आणि डबीत ठेवला.

आनंदी बाजारातून टोपली घेऊन आली. "ह्या काय? आपलाच फोडूक बसलंस?"

"शाळेक व्हया."

"लोका मोडलेला घरी आणतत, ह्या चेडू घरातला शाळेक नेता."

नाना जाळ्यावरून मान वर न करता म्हणाले, "पंख्यांचा काय झाला? जेटयेर मी सगळ्यांका सांगलंय. माज्या चेडवान कॉम्प्युटराक खोबरेल घालून गप केल्यान म्हणान. तो पांडू तांडेल इचारी होतो, तेच्या पंपाक चलात काय."

'तुमीच सांगलास' हे उत्तर विनीताच्या ओठांवर आलं होतं. ते तिने दिलं नाही. "खोबरेल थंडीत गोठता, नाना. पंखे तेणाच अडकले. एक मशीन जळला."

नानांचा हात थांबला. आनंदीने टोपली भिंतीला उलटी टेकवून ठेवली.

"माजा नाव सांगलंस?" नानांनी विचारलं.

"नाय."

"कित्याक?"

"तुमी सांगलास खरा. पण घातलंय मी. वर्गात काय शिकवलेला ता माका ठावक होता, तुमका नाय."

नानांनी जाळ्याचा एक डोळा पुरा केला, गाठ ओढली. "शाळा सोडून आणखी खंय घातलंस?"

"सात जाग्यार. शाळेचे धरून एकोणीस पंखे."

"मगे बसलंस कित्याक?" नाना म्हणाले. "उद्या पांडूक मी सांगतंय, पंपाक घालू नको. तुझा तू बघ."

गुरुवारी तिने सात नंबरमध्ये आपला प्रोसेसर बसवला. शुक्रवारपासून बाकीच्या सात जागा. वहीत प्रत्येकाची तारीख होती, त्यामुळे आठवावं लागलं नाही. सातांपैकी एकाही ठिकाणाहून तक्रार आलेली नव्हती. ती स्वतः जाऊन तक्रार सांगत होती.

मालवणातल्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि पेशंट बाहेर बसवून तिला जागा करून दिली. एका सोसायटीत क्लार्कने चहा पाजला, वर विचारलं, "म्हणजे आता पंख्याला वास येणार नाही?" एसटी स्टँडजवळच्या टायपिंगवाल्या बाईंनी पंखा बदलूनच मागितला, तिने बदलून दिला. मसुऱ्याच्या फोटो स्टुडिओत मात्र मालक सुदेश परब काउंटरच्या बाहेर आला.

"चलता हा मां माजा?"

"आता चलता. थंडी वाढली काय अडकतलो."

"आंगणेवाडीची जत्रा तोंडार इली, माका दिवसाक शंभर फोटो काढूचे. तू येवन सांगतंस, मीच बिघडवन ठेवलंय. उद्या मी कोणाकडे जाव?"

"जावा कोणाकडेय. पण आधी दहा मिनिटा माका उघडूक देवा."

"हात लावू नको."

ती बाहेरच्या बाकावर बसली. गिऱ्हाइकं आली, गेली. दोन तासांनी सुदेश जेवायला उठला. शटर अर्धं ओढून तिच्याकडे न पाहता म्हणाला, "दहा म्हणजे दहा." तिला बारा मिनिटं लागली. नंतर कळलं की त्याने कुडाळच्या कंपनीचा नंबर मागून घेतला.

शनिवारी, १० जानेवारीला समितीची सभा झाली. विनीताचा कागद वाचून दाखवण्यात आला. दोन सभासद म्हणाले की, इतकं लिहून देणारीलाच काम द्यावं. तिघे म्हणाले की, इतकं लिहून दिल्यावर काम देणं शाळेला शोभणार नाही. निर्णय पुढच्या सभेवर गेला. पुढची सभा कोरमअभावी झाली नाही. तोवर संगणक कक्ष कोणाकडेच नव्हता. विनीता दर बुधवारी सहाच्या गाडीने जात होती. बाराही पंखे फिरताना पाहायचे, सात नंबरच्या ठोकळ्याला बोट लावायचं आणि आठच्या गाडीने परतायचं. पडवीतला तिचा संगणक प्रोसेसरविना उघडाच होता. लोकांचे भाग आता ती त्यांच्याच संगणकावर, त्यांच्या घरी जाऊन तपासत होती.

जानेवारीअखेर अठरा पंखे झाले. एकोणिसावा वेंगुर्ल्यात, एका काजू कारखान्याच्या ऑफिसात. ती दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा ऑफिसला कुलूप होतं. काजूचा हंगाम सुरू व्हायचा होता, मालक मुंबईला होते. मुंबईचा फोन नंबर कोणाकडे नव्हता.

"शेट शिमग्याक येतले," कारखान्याचा पहारेकरी बाबली म्हणाला. दुसऱ्या खेपेला तो तिला ओळखू लागला होता. "तवसर कोण चालू करणा नाय. चावी त्येंच्याकडेच आसा."

"येतले तेव्हा सकाळी येतले काय दुपारी?"

"ह्या कोण सांगात गो बाय?"

तिने वहीचं पान फाडलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'संगणक सुरू करण्याआधी खालील नंबरवर फोन करावा. पंख्यात माझ्याकडून चूक झाली आहे. मी येऊन दुरुस्त करून देईन. वि. मालंडकर, मालवण.' नंबर शेजारच्या दुकानाचा होता. एक चिठ्ठी तिने दाराच्या फटीतून आत सरकवली. तीच पुन्हा लिहून बाबलीकडे दिली. त्याने ती टोपीत ठेवली.

शनिवार, २८ फेब्रुवारी. शिमगा आठवड्यावर आहे. शाळा समितीची सभा ठरलेली नाही. वेंगुर्ल्याहून फोन आलेला नाही. मालक नेमके कधी येणार, हे बाबलीलाही आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं.