सुकुमारची खेप

कस्तुरीला जिममध्ये जायचं नव्हतं. गुडघे कुरकुरत होते, साखर वाढली होती, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. ती घरातल्या घरात देवघरापासून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारून डॉक्टरांच्या शब्दाला मान देत होती. त्या रविवारी मात्र तिची भावजय भाग्यश्री सांगलवाडीहून पूल ओलांडून सकाळीच आली आणि चपला न काढता दारातूनच म्हणाली, "अक्का, ड्रेस घाला अन् चला. आज व्यायाम दिन हाय. जिम सगळ्यांना मोकळी ठेवलीय."

"अगं, माझ्या वयाच्या बायका तिथं काय करणार?"

"बसून तरी याल. मी हाय की सोबत."

भाग्यश्रीला नाही म्हणणं कस्तुरीला जमत नसे. सुकुमार, कस्तुरीचा धाकटा भाऊ, हा भाग्यश्रीचा नवरा. मार्केट यार्डात त्याचं हळदीचं दुकान होतं, पण त्याचा सगळा जीव नदीत. होड्यांच्या शर्यती आल्या की तो दुकान नोकरावर सोडून वल्हं मारायला पळायचा. २०१९ च्या महापुरात त्याने शर्यतीच्या मंडळाची होडी बाहेर काढली आणि मळ्यांमध्ये अडकलेली माणसं दिवसभर काठाला आणून सोडली. शेवटच्या खेपेला एक म्हातारं जोडपं आणि त्यांची सून होडीत बसताना लोकांनी लांबून पाहिलं. ती होडी काठाला लागलीच नाही. पाणी उतरल्यावर ती बाभळीत पालथी सापडली. म्हातारा सापडला, म्हातारी सापडली, सूनही सापडली. सुकुमार सापडला नाही.

भाग्यश्रीने मंगळसूत्र काढलं नाही. काढ असं तिला कुणी म्हणालंही नाही.

जिम लालासाहेबांची. लोणंदकडचा हा माणूस सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि बायकोच्या माहेरी, सांगलीत येऊन राहिला. गावातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांनी जिम थाटली होती. दाराला झेंडूचं तोरण, बाहेर मांडव, मांडवात खुर्च्या. सकाळची फेरी निघून परत आली होती, बायकांनी गाण्यावर हातपाय हलवून झाले होते. आता मांडवात मोड आलेली मटकी वाटत होते आणि एक डॉक्टर माइकवरून हृदयाबद्दल बोलत होते. आत लालासाहेबांशिवाय कुणी नव्हतं. भाग्यश्रीने कस्तुरीला आत आणलं, कारण आत पंखे होते.

लालासाहेब एका सायकलचं पेडल आवळत बसले होते. ते उठले.

"या, या ताई. लाजायचं कारण न्हाई. आज तुमचाच दिवस हाय."

"माझे गुडघे..."

"मग ह्याच्यावर बसा. गुडघ्यावर भार येत न्हाई, समदा हाताला अन् पाठीला व्यायाम."

ते वल्हवायचं मशीन होतं. लाकडाचा लांब सांगाडा, त्यावर पुढे-मागे सरकणारी बैठक, समोर गोल पारदर्शक टाकी आणि टाकीत पाणी. दांडा ओढला की टाकीतलं पातं फिरायचं आणि पाणी खळखळायचं. पाचगणीच्या एका हॉटेलातून लालासाहेबांनी ते जुनं आणलं होतं. भाग्यश्रीने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. कस्तुरीच्या ते लक्षात आलं, पण तोवर लालासाहेबांनी तिचे पाय पट्ट्यांत अडकवले होते.

तिने दांडा ओढला. खळ्ळ. सोडला. पुन्हा ओढला. सोपं होतं. इतकं सोपं की तिला हसू आलं. मागे झुकताना पाठ सैल पडत होती, पुढे जाताना हात आपोआप लांब होत होते. कुणी न शिकवता तिने श्वास त्या लयीत बसवला.

"वा ताई!" लालासाहेब म्हणाले. "अगदी मुरल्यासारकं चाललंय."

बाहेरचा माइक हळूहळू ऐकू येईनासा झाला. कस्तुरीला वाटलं, डॉक्टरांचं भाषण संपलं असेल. मग तिला वास आला, गाळाचा. पुराचं पाणी उतरल्यावर घराघरांत जो वास महिनाभर राहिला होता, तोच. तिचे हात चालूच होते. थांबावं असं तिच्या मनात आलं, पण वाहत्या पाण्यात मध्येच थांबायचं नसतं हे तिच्या अंगाला कुठून तरी माहीत होतं.

तेवढ्यात दांडा जड झाला.

एकदम नाही. आधी मशीन एका बाजूला किंचित कललं, जसं कुणी काठावर पाय दिल्यावर होडी कलते. मग सावरलं, आणि दांडा पहिल्यापेक्षा जड. कस्तुरीने जोर लावला. पुन्हा मशीन कललं. लाकूड करकरलं. दांडा आणखी जड. मग तिसऱ्यांदा, हळूच, अंग चोरून कुणी बसावं तसं.

"लालासाहेब," ती धापा टाकत म्हणाली, "तुम्ही काही वाढवलं का ह्याचं?"

"ह्याला वाढवायचं काय नसतंय, ताई." त्यांचा आवाज बदलला होता. ते मशीनच्या मागच्या टोकाकडे बघत होते. तिथे लाकडाखालची रबरी चटई भिजली होती आणि ओल पसरत चालली होती. "ताई, थांबा. सोडा त्यो दांडा."

"सोडता येत न्हाई," कस्तुरी म्हणाली. "सोडलं तर बुडतील."

हे आपण का बोललो ते तिला कळलं नाही. तिच्या तळव्यांची सालं निघत होती. पाठीमागून तिच्या मानेवर गार श्वास येत होते, कुणी म्हातारं खोकलं, आणि कुणी बाई अगदी हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होती, जसं घाबरलेल्या माणसाला धीर देताना पुटपुटतात. भाग्यश्री पुढे आली. लालासाहेबांनी तिला अडवायला हात केला, तिने तो बाजूला सारला.

"अक्का, ओढा," ती म्हणाली. "थांबू नका. मी हाय."

कस्तुरी ओढत राहिली. टाकीतलं पाणी गढूळ झालं होतं, चहासारखं तांबूस. तिला समोरचा आरसा दिसत नव्हता, भिंत दिसत नव्हती, नुसता घाम आणि ते पाणी. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. मग खालून काहीतरी घासल्याचा आवाज आला. होडीचा तळ वाळूला लागतो तेव्हा होतो तसा.

मशीन कललं आणि दांडा हलका झाला. पुन्हा कललं. पुन्हा हलका. तिसऱ्यांदा बैठक हिसका बसून वर आली. रबरी चटईवरून ओल्या पावलांच्या खुणा दाराकडे गेल्या आणि उंबऱ्याशी उन्हात विरून गेल्या. लालासाहेब भिंतीला टेकून उभे होते.

कस्तुरीने दांडा ओढून पाहिला. तो अजून जड होता.

"भाग्यश्री," ती म्हणाली, "अजून एक जण हाय. उतरत न्हाई."

भाग्यश्री मशीनच्या मागच्या टोकाशी गेली. तिथे रिकामं लाकूड होतं. ती तिथे गुडघ्यांवर बसली, ओल्या चटईवर, आणि नवरा दुकानातून उशिरा आल्यावर बोलावं तशा आवाजात म्हणाली,

"आवं, पोचवलंसा की सगळ्यांस्नी. उतरा आता. किती दमलाय बघा."

काही झालं नाही. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि त्या फार लांबून आल्यासारख्या वाटल्या.

"मी रागावले न्हाई," भाग्यश्री म्हणाली. "उतरा."

मशीन कललं. बराच वेळ ते तसंच कललेलं राहिलं. भाग्यश्रीने डोळे मिटले आणि तिची मान जराशी एका बाजूला झुकली, जशी कुणी गालाला हात लावल्यावर झुकते. मग लाकूड सरळ झालं, आणि कस्तुरीच्या हातातला दांडा टाकीवर जाऊन आपटला, इतका तो हलका झाला.

माइकवरचे डॉक्टर ऐकू येऊ लागले. ते अजून हृदयाबद्दलच बोलत होते.

त्या दोघी रिक्षाने सांगलवाडीला, भाग्यश्रीच्या घरी निघाल्या. पुलावर रिक्षा आली तेव्हा भाग्यश्रीने नदीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत कस्तुरीने तिला पुलावरून जाताना नदीकडे बघताना पाहिलं नव्हतं. घरी गेल्यावर भाग्यश्रीने मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं, अंघोळ केली आणि दुपारभर झोपली. उठल्यावर तिच्या गालावर गाळाचं बोट उमटलेलं होतं. कस्तुरीने ते पुसायला ओढणी पुढे केली. भाग्यश्री म्हणाली, "राहू द्या, अक्का."

लालासाहेबांनी टाकी रिकामी केली. तळाशी मऊ, काळा गाळ निघाला. त्यांनी तो नदीत नेऊन सोडला, टाकीत नवं पाणी भरलं आणि मशीनवर चादर टाकली. कुणाला काही सांगितलं नाही, असं ते म्हणाले. कस्तुरीनेही सांगितलं नाही. तळवे बरे झाल्यावर ती रोज जिमला जाऊ लागली. सायकल चालवायची, भाग्यश्रीशी गप्पा मारायची. गुडघे हलके झाले, साखर उतरली. नवरा, पारस, म्हणाला, "एका दिवसाच्या कार्यक्रमाने तू बरी लागलीस की मार्गाला." ती हसली. चादरीखालच्या मशीनकडे मात्र ती पाठ करून बसायची.

एका सकाळी दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. नऊवारी, डोईवर पदर, हातात पिशवी. नाव बनुबाई म्हणाली. नदीकाठच्या एका गावाहून पहिल्या एसटीने आली होती.

"व्हडी हितंच हाय न्हवं?" तिने विचारलं.

"आज्जी, ही जिम हाय," लालासाहेब म्हणाले. "तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगतंय कोण? आमच्या मालकांनीच सांगितलं. तवा पुरात व्हडी आली, आमी समदी बसलो, त्ये भ्याले. माळवदावरच ऱ्हायले, अन् पान्यात गेले. आता म्हनत्यात, बसतो."

जिममध्ये वजनांचे आवाज थांबले. लालासाहेबांनी कस्तुरीकडे पाहिलं, नको, अशा अर्थाने मान हलवली. कस्तुरी सायकलवरून उतरली. तिच्या तळव्यांची नवी कातडी हुळहुळत होती. तिने चादर काढली, घडी करून बाजूला ठेवली, बैठकीवर बसली आणि पाय पट्ट्यांत अडकवले.

दांडा हलका होता. पाणी स्वच्छ होतं. तिने ओढला, सोडला, ओढला. गाळाचा वास हळूच आला. मशीन जरासं कललं, आणि पुन्हा सरळ झालं, जसं कुणी पाय पुढे करून मागे घ्यावा.

बनुबाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने कस्तुरीच्या खांद्यावर हात ठेवला.

"दमानं घे गं बाई," ती म्हणाली. "त्यास्नी दिसायला कमी हाय."