न पडलेला खांब

बसा, पण जरा आत सरकून. काठाची माती भुसभुशीत आहे. मी खांब बोलतोय. लोखंडी, लाल-पांढरा, छातीएवढा उंच. जन्म तळोद्याच्या वेल्डिंगच्या दुकानातला, मुक्काम या बेटावर. बेट कसलं, टेकडीच ती. धरणामुळे नर्मदेचं पाणी चढलं, पायथा बुडाला, डोकं तेवढं वर राहिलं. त्या डोक्यावर फुलवंताबाई आणि भीमसिंगचं घर.

मला इथे आणलं फाल्गुनीने. तळोद्याच्या किराणा दुकानदाराची लेक, पुण्यात हवामान बदलावर संशोधन करते. पाऊस हल्ली एकदम कोसळतो आणि काठ ढासळतो, असं तिचं म्हणणं. माझ्यापासून पाणी किती लांब, ते दर वर्षी मोजायचं. काठ मागे येतोय हे दिसलं, की या घराला पलीकडे पक्की जागा मिळणार.

हे सगळं तिने पुस्तकी मराठीत समजावलं. निघताना मात्र अहिराणीत म्हणाली, "मावशी, हाऊ खांब पडी गया ते मन्हं काम बुडनं."

झालं! फुलवंताबाईने नेमकं तेवढंच धरून ठेवलं. खांब उभा राहिला तर पोरीचं काम होईल, काम झालं तर जागा मिळेल, असा तिचा सरळ हिशेब. भीमसिंगने रोवताना मला मोहाची दारूही पाजली. इकडे खांब रोवताना पाजतातच. मी मनात म्हटलं, नशीब काढलं गड्या.

पहिल्याच पावसाळ्यात काठ माझ्या पायाशी आला. मी खूश, आता पडणार आणि यांचं भलं होणार. तर हे दोघं भर पावसात पहार घेऊन हजर! मला उपटलं, मागे रोवलं आणि दोरीने मोजून पाण्यापासूनचं अंतर पहिल्याइतकंच ठेवलं. पाहुणीच्या कामात फरक नको ना. वर पुन्हा दारू. पुढे दर वर्षी हेच. माझ्याइतकं पिऊन कुठला खांब सरळ उभा राहिला असेल, असं मला वाटत नाही.

फाल्गुनीला यायला सवड नाही. तिला टेप लावलेला फोटो पुरतो. नावाडी रेवजी तो काढतो आणि मोलगीच्या बाजारात रेंज आली की पाठवतो. फोटोत मी, टेप आणि पाणी. घर किती जवळ आलं, ते फोटोमागे राहतं.

परवा रेवजीने तिचा निकाल वाचून दाखवला. काठ जागच्या जागी आहे, घर हलवायची गरज नाही.

"पण खांब तर आम्ही पडू दिला नाही," फुलवंताबाई म्हणाली. "मग जागा कधी मिळणार?"

रेवजी नाव सोडायला उठला. मला फार वाईट वाटलं.

तिने मात्र अजून आशा सोडलेली नाही. आता काठ पुन्हा माझ्या पायाशी आलाय आणि माझी पाठ तिच्या चुलीमागच्या कुडाच्या भिंतीला टेकली आहे, मागे जागाच उरली नाही. काल भीमसिंग तिला म्हणत होता, कूड पाडू आणि खांब घरात घेऊ. ती हो म्हणाली.

तुम्ही आता नावेने परत निघाल. निघण्याआधी, त्यांचं लक्ष नसताना, मला एक धक्का द्या आणि पाण्यात पाडा.