टेकडीखालची कंपनी

पुतणीचं लग्न झालं त्याच वर्षी दादाने परसात खोली काढली. लेक सासरी गेली, घरातली एक खोली मोकळी झाली. पण वहिनीने बजावलं, ती तुमच्या कागदांसाठी नाही. कागद म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या सोन्याच्या खाणींच्या कंपन्यांचे शेअर. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून दादा ते रद्दीवाल्यांकडून, जुन्या वकिलांच्या कपाटांतून गोळा करायचा. कंपन्या केव्हाच बुडालेल्या. कागद मात्र ताटाएवढे, वेलबुट्टीच्या किनारीचे.

"घरात गुंजभर सोनं नाही, आणि मी सतरा खाणींची मालकीण," वहिनी सगळ्यांना सांगायची.

मी गवंडी. पायाचा चर मीच खणत होतो. चार फुटांवर मुरूम लागायला हवा, विहिरीच्या बाजूला लागलाही. दुसऱ्या कोपऱ्यात पहार मारली, तर ती हातभर आत गेली आणि कशाला टेकलीच नाही. खाली भुसभुशीत माती, कुजलेलं लाकूड. कोणीतरी कधीतरी तिथे भर घातली होती.

मी दादाला सांगायला आत गेलो. तो नवा आलेला कागद पुसत होता. त्यावर चित्र होतं: दोन शेंड्यांची टेकडी, डावीकडे गोल कठड्याची विहीर, उजवीकडे उंच लाकडी मनोरा आणि वर चाक; खाणीत माणसं उतरवतात तसलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. पण ती टेकडी मी मागच्या दारातून रोज बघत होतो. विहीरही तीच. चित्रात मनोरा होता तिथे माझी पहार रुतलेली होती.

मी तसं म्हणालो. दादा हसला. लोकांनी पैसे घालावेत म्हणून या कंपन्या न खणलेल्या खाणी छापायच्या. चित्रात जितकी चाकं, तितकी लबाडी. ही कंपनी तर सहा महिन्यांत बुडाली, हिने फावडंसुद्धा विकत घेतलं नसेल. या लबाड्यांवर दादा तासन्‌तास बोलायचा, आणि माणसं ऐकत बसायची.

"पण दादा, ती माती..."

"धाकट्या, अक्षर कळत नसलं की माणसाला चित्र खरं वाटतं."

वहिनी दारातच उभी होती. तिच्यासमोर ते फार लागलं. मी परत चरात उतरलो. त्या कोपऱ्यात चार दगड जास्त टाकले आणि भिंत उचलली.

खोली झाली, कागद चौकटीत बसून भिंतींवर गेले. दोन महिन्यांनी वहिनीचा निरोप आला, दार अडकतंय. मी तासून दिलं. पुन्हा अडकलं, पुन्हा तासलं. तिसऱ्या खेपेला तिने फरशीवर तांब्या कलंडवला. पाणी त्या कोपऱ्याकडे धावलं, आणि तिथे साचलं नाही.

"भावजी, हे जातं कुठं?"

दादा म्हणाला, फरशीचा ढाळ यानेच चुकवलाय. मी मान डोलावली. रविवारी येऊन फरशी उखडतो, असं कबूल केलं.

बुधवारी दादा न्हाव्याकडे गेला होता. वहिनी झाडू घेऊन खोलीत गेली. शेजारणीने आवाज ऐकला. भिंत पडल्याचा नाही, गाडीभर खडी ओतल्यासारखा. मी पोचलो तेव्हा तीन भिंती उभ्या होत्या, आणि त्या कोपऱ्यात खोल भोक. माणसांनी दोर सोडला, साठ हात सोडला, तरी तळ लागेना. दादा अर्धी दाढी केलेल्या तोंडाने काठावर उभा होता. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

माझी वहिनी अकरा फेब्रुवारीला, बुधवारी, सकाळी नऊच्या सुमारास गेली. वय त्रेपन्न. देह चौथ्या दिवशी मिळाला.