पोळ्याची पहिली जोडी

आमच्या नवऱ्याले, म्हणजे सदाशिवरावले, जेवण नसलं तं चालते, पण मान पाह्यजे. इंग्रजाच्या टायमात नगरपालिकेनं आमच्या इस्टेटीवर केस केलती. पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी कोणाची, याच्यासाठी. हायकोर्टानं निकाल देला: इस्टेटीच्या वारसाची जोडी पहिली. ज्या साली वारसापाशी घरची जोडी नसन, त्या सालापासून मान कायमचा शहराचा.

यंदा यायनं बैल इकून ट्रॅक्टर घेतला. निकाल आठवला तो पोळा तोंडावर आल्यावर. मी म्हटलं, "आता ट्रॅक्टरले झूल घाला." माह्याशी बोलणंच सोडलं.

उसनी जोडी चालत नाई, अन् ट्रॅक्टरपायी नवी घ्याले पैसा उरला नोता. खानदानात जोडी उरली फक्त ममताची, यायच्या कळंबले देलेल्या बहिणीची. तिनं बापाच्या वावरात हिस्सा मांगतला, तवापासून हे तिचं नाव काढू देत नव्हते. "लग्न झालं, आता कायचा हिस्सा?" म्हणत. पण मान जाऊन राह्यला म्हटल्यावर स्वतः गेले कळंबले. ममता जोडी टेम्पोत टाकून आली.

तोरणापाशी नगरपालिकेचे वकील श्रीकृष्ण आडवे आले. "ही जोडी बहिणीची. सासरी गेलेली लेक वारस कशी?"

आमचे हे असे खवळले, थेट पारावर चढले. "वकील झाले अन् कायदा माहीत नाई? लेक पोराच्या बरोबरीची वारस हाय. लग्न झालं तरी हाय. इस्टेट जेवढी माही, तेवढीच ममताची."

सारं शहर ऐकून राह्यलं होतं. पोट्टे मोबाईलवर शूटिंग करून राह्यले होते. वकील हात जोडून बाजूले झाले. ममताची जोडी पहिली गेली, तोरण तुटलं. हे मिशीले पीळ देत घरी आले.

मी पुरणपोळी वाढून राह्यलती. ममता म्हणाली, "दादा, वावराच्या मोजणीले कवा येऊ?"

यायनं घास खाली ठेवला. माह्याकडं पाह्यलं. मी तूप वाढलं. म्हटलं, "नसन द्याचं तं पारावर जाऊन सांगा, खोटं बोललो म्हणून. मान शहराले जाईन, बस."

हे पोळीच कुस्करत राह्यले. ममताच्या डोळ्याले पाणी आलं. मले बी राहवलं नाई, किती सालानंतर या घरात तिचं ताट मांडलं होतं.

मग खाली मान घालूनच म्हणाले, "सोमवारी ये. अन् दर पोळ्याले जोडी घेऊन येत जाजो."