खाऱ्या हवेची पट्टी

दुपारी दोन वाजता ट्रिशाने बारा वर्षांच्या जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीने आखून दिलेल्या वेगापुढे पळवायला घेतला. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन वेग वाढवला, व्होल्टेजही चढवलं. पप्पांना जाऊन आज वर्ष झालं होतं; त्यांच्यासाठीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, पाचला होती, त्यानंतर तिथल्या हॉलमध्ये त्यांचा व्हिडिओ दाखवायचा होता, आणि नेहमीच्या वेगाने तो तयार व्हायला सहा तास लागणार होते.

पप्पा बोलताहेत असं एकमेव चित्रण याच मशीनमध्ये होतं. कॅमेऱ्याचं कार्ड तिने सकाळीच कबरीवरच्या शूटिंगसाठी पुसून रिकामं केलं होतं.

तिने व्हिडिओ तयार व्हायला लावला; वीस मिनिटांत प्रोसेसरचं तापमान ८४ अंशांवर गेलं. मग ९१.

"काय जळतंय गो?" आतून तिची आई, मॅबेल ओरडली.

"काय न्हाय, मम्मी!"

"पप्पाचा हाय तो. मोडलास तर आज मिस्साला तोंड दाखवू नको."

९७. थांबवायला तिने माऊस हलवला. बाण जागचा हलला नाही. स्क्रीन काळी झाली. मशीन आपोआप सुरू झालं, चार सेकंदांत बंद पडलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद. जास्त चढवलंस तर डिस्कवरचं सगळंच खराब होऊ शकतं, असं तिच्या मित्राने, रोशनने दोनदा बजावलं होतं. दोन्ही वेळा ती हसली होती.

तिने प्लग उपटला आणि भिंतीला टेकलेला कॉम्प्युटरचा डबा पुढे ओढला. हात पोळला. मागच्या जाळीवर तपकिरी चिकटपट्टीचे थरावर थर होते. वर बॉलपेनने पप्पांचं अक्षर : 'खारी हवा. काढू नये.'

समुद्राकाठच्या उत्तनमध्ये पत्रा दोन वर्षांत गंजतो. पप्पांनी टीव्हीची, रेडिओची भोकंही अशीच बुजवली होती. आतली गरम हवा जाणार कुठून?

मॅबेल दारात येऊन उभी होती. "फाडू नको. त्याचं अक्षर हाय."

"मम्मी, पप्पांचा आवाज आत अडकलाय."

मॅबेल खाली बसली आणि नखाने कड उचलून तिने स्वतःच पट्टी अख्खी सोडवली. अक्षराचा तुकडा प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला.

सगळं निवेपर्यंत ट्रिशा थांबली. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढला, पाच मिनिटांनी परत बसवला. सेल काढल्याने वाढवलेल्या वेगाची नोंद पुसली गेली; आता वेग पूर्वीइतकाच होणार होता. प्लग लावून बटण दाबलं.

स्क्रीन उजळली. फाइल उघडली. पप्पा कॅमेऱ्यात डोळे बारीक करून बघत होते. "चालू हाय का ता?"

मॅबेलने तोंडाला पदर लावला. ट्रिशाने ताबडतोब चित्रण थांबवलं आणि पेनड्राइव्ह लावला. काटछाट नाही, संगीत नाही; आहे तसंच दाखवायचं. नऊ मिनिटं बाकी, असं मशीन सांगत होतं.

चर्चची पहिली घंटा झाली. दोघीही उठल्या नाहीत. मॅबेल पुठ्ठ्याने उघड्या जाळीवर वारा घालत होती. कॉपी पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर आलं, ट्रिशाने पेनड्राइव्ह काढून मुठीत घट्ट धरला, तरी मॅबेलचा हात थांबला नव्हता.