कवचबाबाची गोळी

त्या रविवारी बाजारहॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पाच महिन्यांपूर्वी याच हॉलमध्ये एका माणसाने अकरा जणांना गोळ्या घातल्या होत्या. तेव्हापासून लोक इथून जाताना पलीकडचा फुटपाथ धरत. आज तेच लोक टाचा उंचावून मधोमध उभ्या असलेल्या कवचबाबाकडे पाहत होते.

बाबाने आधी जुनं, नळीच्या तोंडातून भरायचं पिस्तूल पाण्याच्या पिंपावर झाडून दाखवलं. पिंपाला भोक पडलं, पुढच्या रांगेतल्यांचे बूट भिजले. मग गर्दीतल्या पाववाल्याने दुसऱ्या गोळीवर खिळ्याने खूण केली. शिष्याने ती रुमालाने पुसून नळीत टाकली आणि वीस पावलांवरून थेट बाबाच्या छातीवर झाडली. धूर विरला तेव्हा बाबा हसत उभा होता. त्याने मूठ उघडली, तर आत खूण केलेली तीच गोळी.

"कवच गोळी अडवत नाही," बाबा म्हणाला. "गोळीची मारायची इच्छाच ते काढून घेतं. सरकार म्हणतं, बंदुकीचे कायदे कडक करू. अरे, कागदाने कधी गोळी अडली आहे का?"

लोक हसले, आणि कवचाच्या, गळ्यात बांधायच्या चपट्या पत्र्याच्या डब्या विकत घ्यायला रांग लागली. रांगेत तिसरी होती बंदूक-दुरुस्तीवाल्या मिस्त्रींची बायको.

मिस्त्री मागच्या भिंतीला टेकून उभे होते. धूर विरायच्या आधीच त्यांना सगळं कळलं होतं. नळीत गेलेली गोळी खुणेची नव्हती, ती त्यांनीच बनवली होती. कडक मेणाची, वरून शिसपेन्सिलीची पूड चोळलेली. दिसायला हुबेहूब शिशाची, पण बार उडाला की नळीच्या तोंडाशीच तिचा भुगा होतो. तशा वीस गोळ्या त्यांनी गेल्या आठवड्यात मेहुण्याच्या सांगण्यावरून केल्या होत्या. नाटक कंपनीची ऑर्डर आहे, असं तो म्हणाला होता.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बंदुकांचं दुकान त्याचं, मागचा कारखाना त्याचा आणि वरच्या दोन खोल्याही त्याच्याच. मिस्त्री सव्वीस वर्षं त्या कारखान्यात बंदुका दुरुस्त करत होते. खाली उतरलं की कामाचं टेबल, वर चढलं की पलंग. त्यांचं जग तेवढंच होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी मेहुण्याला गाठलं. तो चिडला नाही, उलट खुर्ची पुढे सरकवली. बंदुकीच्या नव्या कायद्यावर समितीची सुनावणी पंधरा दिवसांवर आली आहे, लोक असेच घाबरलेले राहिले तर दुकानाला कुलूप लागेल, असं त्याने शांतपणे समजावलं. मग म्हणाला, "ताई पाच महिन्यांनी घराबाहेर पडली, दाजी. ते तुम्हाला मोडायचंय का?"

ते खरं होतं. गोळीबाराच्या दिवशी बायको हॉलमध्ये कापडाच्या गाळ्यात होती. मागच्या दाराला साखळी, पुढच्या दारात तो माणूस. चाळीस मिनिटं ती टेबलाखाली पडून होती, आणि शेजारी गाळ्यातली विक्रेती मुलगी, जिचा श्वास मधेच थांबला. त्यानंतर बायको जिना उतरली नव्हती. गळ्यात कवच पडल्यावर मात्र एकटी जाऊन भाजी घेऊन आली.

"आणि त्या माणसाच्या बंदुकीच्या पावतीवर सही तुमची आहे," मेहुणा उठता उठता म्हणाला. "आपण ती कुणाला दाखवलेली नाही."

मिस्त्रींनी दुसरी वाट धरली. बायकोला कारखान्यात नेलं, प्लायवूडची फळी उभी केली आणि मेणाची गोळी झाडली. फळीवर नुसता काळा डाग पडला. त्यांनी नखाने तो खरवडून तिच्या बोटावर ठेवला.

तिने बोट पदराला पुसलं. "फळीला कसली आलीय श्रद्धा," ती म्हणाली. मग गळ्यातली डबी मुठीत धरून, "हे माझ्याकडून काढून घेतलंत, तर दुसरं काय द्याल?"

पुढच्या रविवारी बाबाशेजारी ती स्वतः उभी राहणार होती, आणि गोळी मिस्त्रींनी झाडायची, असं तिच्या भावाने ठरवून टाकलं होतं. लोकांचा मिस्त्रींवर विश्वास होता ना.

गुरुवारी पाववाला दुकानात आला. त्याला रायफलीच्या गोळ्या हव्या होत्या. बाबा एकटे किती जणांना दाखवणार, म्हणून तो आणि त्याचा भाऊ घरीच कवच घालून एकमेकांवर झाडून बघणार होते. मिस्त्रींनी गोळ्या संपल्यात म्हणून सांगितलं. पाववाला म्हणाला, हरकत नाही, पलीकडच्या दुकानात मिळतील, रविवारचा कार्यक्रम झाला की बघू.

रविवारी हॉल पुन्हा भरला. मिस्त्रींनी पिंपावर खरी गोळी झाडली. त्यांनी पुन्हा नळीत दारू ठासली, एका शिक्षिकेने नव्या गोळीवर खूण केली, आणि ती शिष्याच्या रुमालातून फिरून मिस्त्रींच्या हातात आली. मग शिष्याने त्याच रुमालाने बाबाचे हात पुसले. वीस पावलांवर बायको उभी होती. तिच्या डोक्यावर बाबाचा उजवा हात होता, डावी मूठ मिटलेली. मेहुण्याने मान हलवून खूण केली.

मिस्त्रींनी पिस्तूल खाली ठेवलं.

"ही गोळी मी बनवलीय," ते म्हणाले. "मेणाची आहे."

पुढच्या रांगेत सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई होत्या. हॉलमधल्या गोळीबारातल्या जखमींवर त्यांनीच शस्त्रक्रिया केल्या होत्या. मिस्त्रींनी गोळी त्यांच्या हातात दिली. बाईंनी ती चिमटीत दाबली, ती चपटी झाली. काडी पेटवून खाली धरली, तर थेंब थेंब गळायला लागली. गर्दीत कुजबुज सुरू झाली. हॉलमध्ये नास्तिक शिरलेत, त्यामुळे कवचाची शक्ती विटली, असं बाबा घाईघाईने सांगू लागला.

मिस्त्री बायकोकडे पाहत म्हणाले, "खुणेची गोळी अजून झाडलेलीच नाही. ती बाबाच्या मुठीत असेल तर काय समजायचं, ते तूच ठरव."

बायकोने मान वळवून बाबाच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. मग डोक्यावरचा हात बाजूला सारून तिने बाबाचं डावं मनगट धरलं आणि एकेक बोट सोडवलं. आत शिक्षिकेने खूण केलेली शिशाची गोळी होती.

तिने गळ्यातली डबी काढून झाकण उघडलं. आत घडी घातलेला कागद निघाला. कागदाने गोळी अडत नाही म्हणणाऱ्याने आठवडाभर कागदच विकला होता. पाववाल्याने मान खाली घातली.

त्या वेळी मिस्त्रींनी उरलेलंही सांगून टाकलं. अकरा माणसं मारणारी बंदूक मेहुण्याच्याच दुकानातून गेली होती, आणि ती त्यांनीच पुसून दिली होती. घरी जाताना बायको चार पावलं पुढे चालत होती. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या, तेव्हा भांडी बांधायला मात्र तीच आधी बसली.

सुनावणीत डॉक्टरीणबाई कडक कायद्याच्या बाजूने बोलल्या, तेव्हा एका सदस्याने त्यांना चिमटा काढला. बाबाचं कवच खोटं निघालं, मग तुमचा कायदा हे दुसरं कवचच नाही का?

"नाही," बाई म्हणाल्या. "कवचावर विश्वास ठेवावा लागतो. कायदा मोजून बघता येतो. चुकला तर बदलता येतो."

मग त्यांनी ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला. तिथे १९९६ साली एकाच हत्याकांडात पस्तीस माणसं गेली. सरकारने पटापट गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांवर बंदी आणली, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. त्याआधी दर एक-दोन वर्षांनी बंदुकीने पाच-पाच, दहा-दहा माणसं एकदम मारली जात. नंतरची वीस वर्षं तसं घडलं नाही. हे सगळं कायद्यानेच झालं का, यावर अभ्यासकांत वाद आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. प्रत्येक देश वेगळा असतो, आणि असे प्रसंग मुळात कमी, म्हणून हिशेब अवघड. पण वाद घालायला आकडे आहेत, आणि ते कुणीही तपासावेत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मग मिस्त्रींना बोलावलं. बायको मागे दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. तिचा गळा मोकळा होता आणि हात घट्ट जुळलेले. मिस्त्रींनी सांगितलं, की तो माणूस दुकानात शिरल्यापासून बंदूक घेऊन बाहेर पडेपर्यंत नऊ मिनिटं लागली. त्याचे डोळे लाल होते, हात स्थिर नव्हते. काही विचारायची सोय नव्हती आणि थांबवायचा अधिकार नव्हता. अडीच तासांनी त्याने पहिली गोळी झाडली.

अध्यक्षांनी विचारलं, "बंदूक मिळायला महिनाभर थांबायचा नियम असता, तर त्याने हे केलंच नसतं, असं तुम्ही खात्रीने सांगता?"

"महिन्यानंतर त्याने काय केलं असतं, ते मला माहीत नाही," मिस्त्री म्हणाले. "मी काही बाबा नाही. पण त्या दिवशी त्याच्या हातात बंदूक नसती. आणि त्या दिवशी ती अकरा माणसं संध्याकाळी घरी गेली असती."