लाल चिंध्यांची झाडं

ताडकळसच्या शिवारात चांगुणाबाई दरसाल हिरवळीच्या खतासाठी ताग पेरतात. फुलं धरली की ताग मातीत गाडायचा. बांधाकडची एक पट्टी मात्र बियाण्यासाठी राखायची. त्या पट्टीवर मला हवा असलेला पतंग येतो. पांढऱ्या पंखांवर तांबडे-काळे ठिपके. कोरड्या, उबदार माळावरचा हा जीव भर उन्हात उडतो. त्याची अळी शेंग पोखरून तागाचं बी खाते आणि बियातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला टाळतात.

कॉलेजात मी हे पतंग बरण्यांमध्ये वाढवले होते. उघड्या रानात कोषातून बाहेर येताना एकदाही पाहिले नव्हते. यंदा पट्टीत मोठ्या अळ्या दिसल्या, तेव्हा ती झाडं राहावीत म्हणून त्यांना लाल चिंध्या बांधल्या आणि परभणीला परतले.

पुढच्या खेपेला चिंधीचं एकही झाड जागेवर नव्हतं. उरलेल्या पट्टीला औषधाचा वास येत होता.

"मावशी, माझी झाडं?"

"उपटली की!" चांगुणाबाई खुशीत म्हणाल्या. "तुमी कशाला वाकायचं, म्याडम? आन् बाकीच्यावर फवारा मारला."

त्यांची उमर बियाण्याच्या प्लॉटवर मजुरीत गेली. तिथं भेसळीच्या झाडाला चिंधी बांधतात, आणि चिंधीचं झाड उपटायचंच असतं. मला हे ठाऊक नव्हतं. मी बांधावरच बसले.

"ठेवायची म्हणून बांधली होती, मावशी."

"आगं माय! ठिवायच्या झाडाला कोन चिंधी बांधतंय?" त्यांनी कपाळाला हात लावला. "उठा, लिंबाखाली चला."

उपटलेलं झाड रानात टाकायचं नाही, बाहेर नेऊन ठेवायचं, हीही प्लॉटवरचीच शिस्त. कडुलिंबाच्या सावलीत, फवाऱ्यापासून दूर, माझ्या झाडांचा ढीग होता, चिंध्यांसकट. मी तळचा पाला हलकेच उचलला. विरळ रेशमात तपकिरी कोष होते. बोट लागताच एक वळवळला.

"जित्ते हायेत?"

"आहेत."

"बगा! चिंधी नसती तर त्यान्लाबी फवारा बसला असता."

त्यानंतर मी रोज पहिल्या एसटीनं जाऊ लागले. एका सकाळी एक ओला पतंग चिंधी धरून वर चढला. चांगुणाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांची सावली त्याच्यावर पडत होती. त्या बाजूला सरकल्या. उन्हात पंख हळूहळू भरत गेले, ठिपके उमटले.

"तुमच्यामुळं दिसलं, मावशी," मी म्हणाले.

"पुढल्या साली चिंध्या नका बांधू. नुसतं सांगा. येक कोपरा फवारनार न्हाई."

"बी कमी पडेल."

"पडू द्या. एवढ्याशा पाखराला काय पोतंभर लागतंय?"